श्मिट म्हणजे लोहार

"आपल्यातला हाय गो! मंगलताई, तो जर्मन आपल्यातला हाय!"

रिटायरमेंटला टेकलेला माणूस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात ग्रीसने काळं झालेलं फडकं, आणि असा बोंबलत माझ्या टाइम ऑफिसात शिरला की गेटवर ट्रक तपासणारा वॉचमन धावत आत आला. त्याला वाटलं, कुणाचा हातबित मशीनमध्ये गेला. मी म्हटलं, "धर्माभाऊ, आधी बसा बघू. आपल्यातला म्हणजे कसा?" तर बसायला तयारच नाहीत. खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "लोहार हाय तो! लो-हा-र! गोरा लोहार!"

धर्माभाऊंची आठवण निघाली की मला आधी ही आरोळी ऐकू येते. पण ते एवढे का नाचत होते हे कळायला धर्माभाऊ कोण ते कळायला हवं, आणि त्या दिवसांत त्यांच्या खिशात कुठला कागद होता तेही कळायला हवं. म्हणून जरा मागून सांगते.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षं टाइम ऑफिसला होते. राहायला पेणला, रामवाडीत. सकाळी कंपनीची बस यायची, नागोठण्यापर्यंत डुलकी आणि पुढे गप्पा. माझं काम म्हणजे नावं. हजेरीची नावं, गेटपासची नावं, कोण आलं, कोण गेलं, कोण उशिरा आलं आणि वर तोंड करून भांडतंय. नावं लिहून लिहून माझी बोटं झिजली, तरी चुका काही कमी झाल्या नाहीत, हे मीच कबूल केलेलं बरं.

धर्माजी लोहार मेंटेनन्सचे फोरमन. आमची ओळखच भांडणातून झाली आणि त्यात चूक शंभर टक्के माझी होती. कंपनीने सगळ्यांना नवी छापील ओळखपत्रं दिली होती. चारशे नावं मी दोन दिवसांत कॉम्प्युटरवर इंग्रजीत चढवली. तिसऱ्या दिवशी हा गडी आला आणि त्याने कार्ड माझ्या टेबलावर आपटलं.

"वाच."

मी वाचलं. लोहारमधला 'ओ' आणि 'ए' यांनी जागा बदलल्या होत्या. कार्डावर होतं, धर्माजी लाहोर.

मी हसले. तिथेच माझं चुकलं.

"हसतेस काय गो? मी जोह्याचा हाय. जोहे पेण तालुक्यात हाय. लाहोर कुठल्या तालुक्यात हाय ते तू सांग मला!"

नवं कार्ड येईपर्यंत तीन दिवस लागले. तीनही दिवस त्यांनी ते लाहोरवालं कार्ड गळ्यात घातलं नाही. गेटवरच्या वहीत सही करताना एवढं मोठं 'लोहार' लिहायचे की खालच्या दोघांना जागाच उरायची नाही. नवं कार्ड हातात पडल्यावर एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासलं, गळ्यात अडकवलं आणि म्हणाले, "आता चहा पाज. माफ केलं."

त्यांच्या वडलांची जोह्याला भट्टी होती. विळे, कोयते, नांगराचे फाळ हे तर होतंच, पण जोहे म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या कारागिरांना माती कोरायला लागणाऱ्या बारक्या कोरण्याही हेच बनवून द्यायचे. धर्माभाऊ ऐटीत सांगायचे, "गणपतीच्या बोटाची नखं कुणी काढली? कारागिरानं. कशानं काढली? आमच्या बापाच्या कोरणीनं!" म्हणजे अर्धा गणपती यांच्याच घरात झाला, असा एकूण हिशेब. पुढे ते आयटीआय करून रोह्याला लागले. शेजारच्या वरसे गावात भातखाचरं होती तेव्हा तिथे दोन खोल्या बांधल्या. आता भोवती बिल्डिंगा उठल्यात, मधे यांचं कौलारू घर.

खिशात कायम एक छोटी हातोडी. पाइप दिसला की टक. रेलिंग दिसलं की टक. मग मान वाकडी करून ऐकायचं. कुणाच्या घरी गेले तर आधी खिडकीच्या गजाला टकटक करायचे, मग घरच्यांना नमस्कार. "लोखंड खोटं बोलत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढचं अर्धं समोर कोण आहे त्यावर बदलायचं. स्टोअरवाला असला तर "स्टोअरवाला बोलतो," आणि मॅनेजर असला तर मॅनेजर!

एकदा आमच्याकडे रामवाडीला जेवायला आले. मी बाजारातून नवी चकचकीत विळी आणली होती. यांनी पात्यावर नख वाजवलं आणि तोंड असं केलं की जणू आमटीत माशी पडली. "फेकून दे. पत्रा हाय. आईची जुनी असंल ती आण." माझ्या आईची विळी माळ्यावर गंजत पडली होती, ती घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आली तेव्हा तिने नारळाची शेंडीसकट शकलं केली असती. मी विचारलं, "काय केलंत हो?" तर म्हणाले, "काय नाय, तापवून पाणी दिलं. लोखंडाला पण तहान लागते." मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण ती विळी मी अजून वापरते आणि सुनेला हात लावू देत नाही.

आणि आडनाव! आडनावाचा अभिमान मी असा कुणात पाहिला नाही. आम्ही पाटील. पेण-रोह्यात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो पाटलालाच लागणार. मला म्हणायचे, "तुझ्या आडनावात काय हाय? नुसता हुकूम. माझ्या आडनावात काम हाय." नवीन पोरगं भरती झालं की हे पुढे होऊन हात पुढे करायचे, "लोहार." नाव नंतर. आधी आडनाव.

म्हणून एका दुपारी ते दारावर टकटक न करता, मुकाट आत येऊन उभे राहिले तेव्हा मी हजेरीची वही मिटून ठेवली.

खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "तुझं अक्षर चांगलं हाय. भरून दे."

गॅझेटचा फॉर्म होता, नाव बदलायचा. जुनं नाव: वैशाली धर्माजी लोहार. नवं नाव: वैशाली धर्माजी जोहेकर.

वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. रोह्याला बारावी सायन्सला होती. हुशार, बापासारखीच वाकड्या मानेने ऐकणारी. अठरा पूर्ण नव्हती, म्हणून बापाची सही लागणार होती. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत तिला हे उरकायचं होतं.

"काय झालं, धर्माभाऊ?"

झालं होतं असं. कुठल्याशा विज्ञान प्रदर्शनात तिने पाणी चढवणारा पंप मांडला होता. दोन महिने खपून, एकटीने केलेला. एका चक्राचं माप चुकलं तेव्हा बापाने हात पुढे केला तर त्याला खोलीबाहेर काढलं होतं. प्रदर्शनाला कुणी पाहुणे आले, त्यांनी पंप उचलून पाहिला, खालचं नाव वाचलं आणि म्हणाले, "लोहार का! मग बापानंच ठोकून दिला असणार." सगळे हसले. शिक्षकही हसले. पोर घरी आली, पंप मोरीत टाकला आणि म्हणाली, मला हे नाव नको.

"मी तिला सांगितलं गो, आपलं नाव चांगलं हाय. तर म्हणते, बाबा, तुमच्यासाठी चांगलं हाय. माझं काम माझं वाटत नाय लोकांना त्या नावानं." धर्माभाऊ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बोलत होते. "कारणाच्या रकान्यात काय लिवतात?"

"वैयक्तिक कारण, असं लिहितात."

"वैयक्तिक कसं गो? आडनाव काय एकट्याचं असतं?"

मी कारणाची ओळ रिकामी ठेवली, बाकी सगळं भरून दिलं. सही राहिली. फॉर्म प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांनी छातीच्या खिशात ठेवला, आणि तो तिथेच राहिला. एक आठवडा, दोन आठवडे. मी विचारायचे, "झाली का सही?" ते म्हणायचे, "करतो." बारावीचा फॉर्म भरायला दहा दिवस उरले होते. बाप सही करत नव्हता आणि नाही असंही म्हणत नव्हता, आणि घरात वैशाली त्यांच्याशी बोलत नव्हती.

तेवढ्यात जर्मनीहून मशीन आलं. सेंट्रिफ्यूज, म्हणजे पावडर आणि पाणी वेगळं करणारा मोठा फिरता ड्रम. तो बसवून चालू करून द्यायला तिकडचे एक इंजिनिअर येणार होते. मॅनेजरसाहेबांनी मला फोनवरून फर्मावलं, "गेटवर मराठीत बोर्ड लावा. स्वागत झोकात झालं पाहिजे." नाव सांगितलं. मागे बॉयलरची शिट्टी चालू होती. मला जे ऐकू आलं ते मी लिहिलं: 'सुस्वागतम् श्री. स्मित साहेब'. खाली रांगोळी, वर झेंडूचं तोरण.

सहा फूट उंच, लालबुंद, पन्नाशीचा माणूस गाडीतून उतरला. सगळे त्याच्या स्मिताची वाट बघत उभे. त्याने बोर्डाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तडक प्लांटमध्ये चालता झाला. चार दिवसांत त्याच्या ओठांची कड हलली नाही. कामगारांना काय, आयतंच सापडलं. "स्मित साहेब आज पण रुसलेत रे!"

रुसायला कारण होतं. मशीन थरथरत होतं. वेग वाढवला की पाया धडधडायचा. त्याने लॅपटॉप लावला, वायरी लावल्या, पडद्यावर डोंगर-दऱ्या काढल्या. चार दिवस गेले, दोष सापडेना. पाचव्या दिवशी धर्माभाऊ पुढे झाले. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक मशीनच्या बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आमचे तरणे इंजिनिअर हसू दाबत होते. तर स्मित साहेबांनी काय करावं? आपल्या बॅगेतून तसाच लांब स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पलीकडच्या बाजूला तसाच कानाला लावून उभा! दोघं डोळे मिटून मशीनला चिकटलेले. मी खिडकीतून पाहत होते, खोटं नाही सांगत.

मग धर्माभाऊंनी हातोडी काढून पायाच्या बोल्टांवर फेरी धरली. टण. टण. टण. सातवा म्हणाला, बद्द. त्या बोल्टाखालची पट्टी नीट बसलीच नव्हती. ती बदलली आणि मशीन असं फिरायला लागलं की त्यावर पाण्याचा पेला ठेवावा.

जर्मनाने धर्माभाऊंच्या गळ्यातलं कार्ड हातात घेतलं, नाव वाचलं आणि इंजिनिअरला विचारलं, याचा अर्थ काय? त्या पोराने सांगितलं, लोखंडाचं काम करणारा, खेड्यातला. जर्मनाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "श्मिट," तो म्हणाला. "तेच. अगदी तेच."

आणि धर्माभाऊ माझ्याकडे धावले. 'आपल्यातला हाय गो!' ते हे.

"चल कँटीनमधे. त्याला सगळं इचार. नावांचं खातं तुझ्याकडं हाय."

मला हाताला धरून नेलं. माझं इंग्रजी कामापुरतं, त्याचंही तसंच, त्यामुळे चांगलं जमलं. आधी मी स्मितबद्दल माफी मागितली आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्याने गंभीर चेहऱ्याने मान हलवली. म्हणाला, "मला वाटलं, तो तुमच्याकडचा उच्चार."

मग त्याने कागदावर एक खेडं काढलं. एक देऊळ म्हणजे चर्च, एक गिरणी, एक धूर निघणारं छप्पर. म्हणाला, पूर्वी आमच्याकडे आडनावं नव्हती. गावात दोन योहान असले तर एक गिरणीवाला योहान, एक लोहार योहान. पुढे तेच नाव पोरांना चिकटलं, पोरांच्या पोरांना चिकटलं. आणि लोहार तर प्रत्येक गावात एक लागायचाच. त्यामुळे या गावचे श्मिट, त्या गावचे श्मिट, एकमेकांचे कुणी नव्हेत, पण नाव एकच. आज जर्मनीत जिकडे बघाल तिकडे श्मिट.

"म्हणजे आपले पाटील!" मी म्हटलं.

"गप गो, लोहाराचं चाललंय," धर्माभाऊंनी मला दटावलं.

मग तो म्हणाला की एकाच नावाची लिहायची तऱ्हा मात्र वेगवेगळी. कुठे श्मिट शेवटी 'डी-टी'चा, कुठे दोन 'टी'चा, दक्षिणेला श्मिड, ऱ्हाइन नदीकडे श्मिट्झ. लिहिणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

हे मी मराठीत सांगताच धर्माभाऊंनी टेबलावर थाप मारली. "म्हंजे तिकडं पण टाइम ऑफिसात मंगलताईच होती!"

सगळं कँटीन हसलं. हसा, म्हटलं.

मग जर्मन प्रकार सांगायला लागला. गोल्डश्मिट, सोन्याचं काम करणारा. "सोनार!" धर्माभाऊ. कुप्फरश्मिट, तांब्याचा. "तांबट!" हूफश्मिट, घोड्यांच्या पायांचा. "नालबंद! अरे, सगळी आळीच्या आळी हाय की तिकडं!" परीक्षेत पहिला आल्यासारखे ते उभेच राहिले. लोकांनी ताटं सोडून आमच्याभोवती कोंडाळं केलं.

"इचार, त्यांच्याकडं सगळ्यात जास्त हेच आडनाव ना?"

मी विचारलं. जर्मन म्हणाला, नाही, दुसरा नंबर. पहिला म्युलर. म्युलर म्हणजे गिरणीवाला.

धर्माभाऊंचा चेहरा पडला, आणि लगेच चढला. "गिरणीवाला पयला? काय म्हणून? फाळ केल्याशिवाय नांगर चालतो काय? नांगर चालल्याशिवाय भात होतं काय? भात नाय तर गिरणी काय वारा दळंल? सांग त्याला, हा अन्याय हाय!"

मी जमेल तसं सांगितलं. जर्मनाने नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाला, "बरोबर आहे. मी म्युलर लोकांना कळवतो." चेहरा मख्खच.

त्या संध्याकाळी धर्माभाऊ उड्या मारत घरी गेले असणार. दुसऱ्या दिवशी मी उत्सुकतेने वाट बघत होते, तर स्वारी आली ती खांदे पाडून.

"सांगितलं वैशालीला?"

"सांगितलं. सगळं सांगितलं. गिरणीवाल्याचं पण सांगितलं." खुर्ची ओढून बसले. "ती बोलली, बाबा, त्या साहेबाच्या नावाला कुणी हसलं काय कधी? त्यानं मशीन बनवलं तर कुणी बोललं काय, बापानं ठोकून दिलं असंल?"

पोर खरं बोलली होती. तिकडे ते नाव नुसतं नाव झालं होतं. इकडे नाव वाचलं की लोक पुढचं सगळं आपणच वाचून टाकतात. खालच्या आवाजात 'कुठले लोहार?' म्हणून चौकशीही करतात. टाइम ऑफिसात बसून मी ते डोळे रोज पाहिलेत.

"चार दिवस ऱ्हायले," धर्माभाऊ खिशावर हात ठेवून म्हणाले. सही अजून नव्हती.

जर्मन दुसऱ्या दिवशी परत जायचा होता. धर्माभाऊंनी मला निरोप धाडला, दुपारी वर्कशॉपमागच्या शेडमध्ये ये, साहेबाला पण घेऊन ये. तिथे त्यांनी बापाची ऐरण आणून ठेवली होती. भट्टी मोडली तरी ऐरण त्यांनी मोडीत घातली नव्हती. गॅसच्या ज्योतीने एक सळई लाल केली, सांडशीत धरली आणि घण जर्मनाच्या हातात दिला.

"याला इचार, तुमच्या घरात शेवटचा लोहार कोण?"

मी विचारलं. तो म्हणाला, "कुणालाच आठवत नाही. वडलांचं बुटांचं दुकान होतं. आजोबा पाव भाजायचे. मी इंजिनिअर. तापलेल्या लोखंडावर मी आयुष्यात एकदाही घाव घातलेला नाही."

मी ते सांगितलं. धर्माभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. "एकदापण नाय? मग आडनाव ठेवलं कशाला?"

"नाव आहे," जर्मनाने खांदे उडवले. "होतं, म्हणून आहे."

"मार!" धर्माभाऊ ओरडले. "मार रे लोहारा!"

पहिला घाव ऐरणीवर बसला, हात झिणझिणला असणार. दुसरा सळईच्या कडेला लागून निसटला. मॅनेजरसाहेब लांबून 'गॉगल, गॉगल' करत धावत येत होते. तिसरा बसला. असा बसला की ठिणग्या उडाल्या आणि सळई पोळीसारखी पसरली. आणि श्मिटसाहेब हसले! दात दाखवून, डोळे बारीक करून, लहान पोर हसतं तसे. आपल्या भाषेत काहीतरी ओरडले, चौथा मारला, पाचवा मारला. शेडमधली पोरं टाळ्या पिटत होती. "स्मित साहेब हसले! हसले रे हसले!"

मी धर्माभाऊंकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. सांडशी धरून उभे होते, मान वाकडी, काहीतरी ऐकल्यासारखे. मग सांडशी एका पोराच्या हातात कोंबली.

"मंगलताई, पेन दे. पेन दे लवकर!"

"काय झालं?"

"अगो, ह्यांनी नाव ठेवलं, काम सोडलं. माझी पोर नाव सोडते, पण जाते कुठं? मेकॅनिकलला! इंजिनिअरिंगला मेकॅनिकलच पायजे म्हणून बसलीय. लोखंडातच जाते गो ती! मग मी कुणी मयत झाल्यासारखा रडतोय कशाला?"

खिशातून प्लॅस्टिक काढलं, प्लॅस्टिकमधून फॉर्म. शेडच्या भिंतीला टांगलेली लिहायची पाटी ओढून घेतली, वर कागद ठेवला. "ते कारण रिकामं हाय. लिव."

"काय लिहू?"

"लिव, मुलीची इच्छा."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. 'धर्माजी पांडुरंग लोहार'. शेवटचं अक्षर काढायला जरा वेळ घेतला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, सांगायला लाज कसली.

जर्मनाने विचारलं काय चाललंय. मी सांगितलं. तो म्हणाला, चांगलं नाव सोडताय तुम्ही.

"सांग त्याला," धर्माभाऊ पेन परत देत म्हणाले, "तुमच्याकडं ढिगानं हायत. आमचा एक कमी झाला तर तेवढा सांभाळून घ्या."

पुढच्या वर्षी वैशालीला पुण्याला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी बापलेक आधी जोह्याला गावदेवीला नारळ फोडून आले आणि पेणच्या स्टँडवर पुण्याची बस धरायला थांबले. मी रामवाडीहून पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. त्यानंतर लगेच धर्माभाऊ रिटायर झाले आणि जोह्याला जाऊन राहिले. फोन व्हायचे, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

नवा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. पायाशी पोरीची बॅग आणि बॅगेवर हिरव्या पत्र्याची एक हत्यारांची पेटी. कडी, बिजागऱ्या, आतले कप्पे, सगळं हाताने केलेलं. बस लागली, मग त्यांनी पेटी तिच्या हातात दिली. ती घरी तिला दाखवलीच नव्हती. झाकणावर पोलादात ठोकून अक्षरं उमटवली होती, एकेक अक्षर, ओळ सरळ, खोली सारखी: वैशाली जोहेकर.

तिने त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आडनावापाशी बोट थांबलं.

"बाबा, हे तुम्ही ठोकलंत?"

"नाय गो," धर्माभाऊ म्हणाले. "लोहाराकडून करून घेतलं."